नोझलखालचं तांबं

मी इंजिनाला साबण लावला, ही गोष्ट आमच्या गल्लीत अजून सांगतात. सांगणारी दर वेळी साबण वाढवते. पहिल्यांदा अर्धी वडी होती. परवा एकीनं अख्खी वडी केली आणि वर इंजिनाला टॉवेलही गुंडाळला. म्हणून खरं काय झालं ते एकदा लिहून ठेवते. वही लग्न होऊन गेलेल्या लेकीच्या शाळेतली आहे, मागची पानं कोरी राहिली होती. कुणी वाचणार नाही, त्यामुळं स्वतःला शहाणी दाखवायचं कारण नाही.

आमची गिरणी रेणापूरच्या अलीकडं, रस्त्याला लागून आहे. गावात विजेवरची दुसरी गिरणी आहे आणि खरं सांगायचं तर ती आमच्यापेक्षा बारीक दळते. फक्त तिला लाइट लागते. लाइट गेली की दळणाचे डबे आमच्याकडं येतात, कारण आमची गिरणी डिझेल इंजिनावर चालते. मालक, म्हणजे माझा नवरा, हँडल मारून इंजिन चालू करायचे, मी वरून धान्य सोडायचे आणि खाली पीठ डब्यात भरायचे. बोलायचं खातं मालकांकडं होतं. कुणाची सून, कुठली ज्वारी, जाड पाहिजे का बारीक, माहेरी कधी निघाली, सगळं तेच विचारायचे. वीस वर्षं मी डबे भरले. त्या वीस वर्षांत गिऱ्हाइकांशी माझी वीस वाक्यं झाली असतील, आणि त्यातली निम्मी "झालं" एवढीच.

उन्हाळ्यात मालक ओट्यावरून पडले. वरची चाळणी झटकत होते, पाय सरकला, मांडीचं हाड मोडलं. धाकटा दीर नांदेडला असतो. तो गाडी घेऊन आला आणि त्यांना तिकडंच घेऊन गेला. हाडात सळई घातली. दोन महिने पाय टेकायचा नाही, असं डॉक्टरनं सांगितलं. घरी शेळी होती, म्हणून मी मागं राहिले. गिरणीला कुलूप लावलं.

आठ दिवसांनी वादळवाऱ्यात तारा तुटल्या आणि गावात दोन दिवस लाइट नव्हती. समोरच्या काकू डबा घेऊन दारात आल्या.

"कुलूप काढ की गं."

"मालक न्हाईत," मी म्हणाले.

"मला मालक दळायचेत का ज्वारी? इंजिन हाय ना जागेवर? घरात चिमूटभर पीठ न्हाई. का आता दातानं दळू?"

काकूंच्या तोंडात दात चारच आहेत. मी कुलूप काढलं.

इंजिन चालू करायला दोन माणसं लागतात. एकानं हँडल जोरात फिरवायचं, आणि वेग आला की दुसऱ्यानं इंजिनाच्या डोक्यावरची कळ पाडायची. आमच्या गिरणीत जुनी रीत आहे, रांगेत ज्याचा डबा पहिला त्यानं कळ पाडायची. त्या दिवशी डबा एकच होता, म्हणून काकूंनी पाडली. चौथ्या खेपेला इंजिन लागलं. मी हँडल हातात घेऊन भिंतीला टेकून उभी राहिले, कारण चार खेपांत अंगातलं बळ संपलं होतं. काकूंना वाटलं मी ऐटीत उभी आहे. त्यांनी तसंच गावभर सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी नऊ डबे आले.

पुढंही लाइट जात-येत राहिली, आणि पंधरा दिवस मी गिरणी चालवली. स्वतःच्या मनात मी मिस्तरी झाले होते. सोळाव्या दिवशी, बुधवारी, इंजिन गळायला लागलं.

नोझल म्हणजे इंजिनाच्या डोक्यात खोवलेली बोटभर जाडीची लोखंडी नळी. पंपातून आलेलं डिझेल ती आत फवारते. तिच्या बुडाशी काळा फेस यायला लागला. इंजिनाच्या दर ठोक्याला तिथून फुस्स करून वारा निघायचा आणि डिझेलचे काळे थेंब उडायचे. दगडाचा वेग उतरला. पीठ जाडंभरडं पडायला लागलं.

आता साबणाचं. डिझेलचा कॅन गळला की मालक त्याला कपड्याचा साबण चोळायचे. टाकीला चीर पडली होती तेव्हाही साबणच. साबण डिझेलात विरघळत नाही, गळती तिथंच बंद होते. हे मी वीस वर्षं बघितलं होतं. फक्त कॅन तापत नाही आणि त्याच्या आतून वारा येत नाही, एवढं माझ्या ध्यानात आलं नाही. मी ओला साबण मळून मळून नोझलच्या बुडाला गोल लिंपला, वाफ जाऊ नये म्हणून भांड्याच्या झाकणाला कणीक लिंपतो तसा. खरंच सांगते, अर्धी वडीसुद्धा नव्हती. आणि इंजिन चालू केलं.

पहिली दोन मिनिटं बरी गेली. मी रांगेकडं वळून बघितलंसुद्धा, जे मी कधी करत नाही. मग साबण तापला. फेस यायला लागला, काळा, बुडबुड्यांचा, आणि दर ठोक्याला त्याचा एकेक गोळा उडून भिंतीवर बसायला लागला. एक गोळा काकूंच्या पदरावर बसला.

"आज इंजिनाचं न्हाणं हाय का गं?" काकू ओरडल्या. "मंग पाठ बी चोळ त्याची!"

मी इंजिन बंद केलं आणि सगळे डबे परत गेले. बायका वळणापर्यंत हसत गेल्या. मी आत जाऊन शेळीला पाला टाकला, आणि पाला टाकून झाल्यावरही बराच वेळ तिथंच उभी राहिले.

संध्याकाळी मालकांना फोन लावला. साबणाचं सांगितलं नाही.

"नोझलखालून गळतंय," मी म्हणाले. "फुसफुस करतंय."

"बंद ठेव. कुलूप लाव," मालक म्हणाले. मग म्हणाले, "तसंबी ते विकून टाकायचं चाललंय. उदगीरचा एक माणूस हाय, त्याला रसवंतीला इंजिन पायजे. रविवारी येतंय बघायला. गळकं हाय म्हणून स्वस्तात दिऊ."

"आन् मंग?"

"मंग काय, नांदेडला यायचं. भाऊनं एका अपार्टमेंटात वॉचमनचं काम बघितलंय. बसून करायचं काम हाय, माझ्या पायाला बरं. जिन्याखाली खोली देतेत."

नांदेडला दिराच्या घरी मी एकदा चार दिवस राहिले होते. तिसरा मजला. जाऊ चांगली आहे, मला कामाला हात लावू देत नाही. रोज तीन वेळा विचारायची, "वैनी, करमत न्हाई का?" मी मान हलवायचे. ती "हो" समजून टीव्ही लावून द्यायची. मला कुठल्याही प्रश्नाला मान हलवायची खोड आहे. त्यानं प्रश्न लवकर संपतो, उत्तराचं मग बघता येतं. आणि वॉचमनची बायको मी खालच्या मजल्यावर बघितली होती. दिवसभर तिला लोक हाका मारायचे. पार्सल ठेवून घे, पाणी सोड, अमक्याची गाडी कुणी आडवी लावली ते सांग. तिला एका सकाळी जेवढं बोलावं लागायचं, तेवढ्यात माझी दहा वर्षं निघाली असती. पण नुसतं ते नव्हतं. पंधरा दिवस मी गिरणी चालवली होती. लोक डबे घेऊन माझ्याकडं आले होते. मला ते आवडलं होतं, हे मी कुणाला बोलले नव्हते.

"मी चालवते की," मी फोनवर म्हणाले.

"काय?"

"गिरणी. मी चालवते. तुमी आल्यावर नुसतं बसा."

मालक हसले. वाईट हसले नाहीत. "अगं, दळण झालं म्हणून हाक मारायला लाजतीस तू. डब्याला टिचकी मारतीस. आन् इंजिन कोण दुरुस्त करंल?"

"करते."

"तू?"

मी मान हलवली. फोनवर ती दिसत नाही.

"बरं," मालक म्हणाले. "रविवारपातूर चालू झालं तर बघू. न्हाई झालं तर ते माणूस घेऊन जाईल, मंग रडायचं न्हाई. नोझलच्या बुडाला तांब्याचं वायसर असतंय, पैशाएवढी चपटी कडी. ते गेलं असंल. नोझल काढ, लातूरला जा, दुसरं आण. नोझल संगट ने, मापाला."

खरं तर मुरुडला मालकांचा दोस्त मिस्तरी आहे. मी आधी त्यालाच फोन लावला होता. त्याच्या बायकोनं उचलला. ती नेमकी माझ्यासारखीच निघाली. मी "हॅलो" म्हणाले, ती "हॅलो" म्हणाली. मग दोघी फोन कानाला धरून बसलो. शेवटी तिनं "मिस्तरी परगावी गेलेत, सोमवारी" एवढं म्हटलं आणि ठेवला. रविवारी इंजिन टेंपोत चढलं असतं, मग सोमवारी मिस्तरी येऊन काय करणार होता?

गुरुवारी मी नोझल काढायला बसले. आधी पंपाकडून येणारी बारीक नळी सोडवली. मग नोझल दाबून धरणारे दोन नट काढले. नट काढायचे पाने भिंतीवर टांगलेले होते. कुठला कशाला लागतो हे मला वीस वर्षांत बघून बघून पाठ झालं होतं, म्हणजे असं मला वाटत होतं. पहिल्या नटाला मी पाच पाने लावून बघितले. नट निघाले, पण नोझल काही हलेना. काजळीनं आत गच्च बसलं होतं. त्याच्या कडेनं डिझेल ओतून तसंच ठेवलं. शुक्रवारी सकाळी सांडशीनं धरून उजवीकडं-डावीकडं हलवत राहिले आणि एकदम निघालं, इतकं एकदम की मी सांडशीसकट मागं जाऊन बसले.

नोझलचं टोक काळं कुळकुळीत होतं. तांब्याचं वायसर कुठंच नव्हतं. मी नोझल उलटंपालटं केलं, जमिनीवर शोधलं. मग विचार केला की झिजून झिजून संपलं असणार, साबणाच्या वडीसारखं. म्हणून तर गळत होतं! माझा मलाच इतका अभिमान वाटला की नोझल बसतं त्या भोकात वाकून बघायचं मला सुचलंच नाही. भोकावर चिंधी कोंबली आणि लातूरच्या एसटीत बसले.

नोझल भाकरीच्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवलं होतं. दोन फाटे गेल्यावर कंडक्टर नाक वर करून पुढं आला. "डिझेल कुणाकडं हाय? गाडीत डिझेल चालत न्हाई." सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मीही शेजारच्या म्हाताऱ्याकडं बघितलं. देव मला माफ करो. त्या बिचाऱ्यानं आपलं धोतर हुंगून बघितलं.

लातुरात इंजिनाच्या सामानाची दुकानं एका गल्लीत आहेत. मी दुकानासमोरून तीनदा गेले. आत सगळे पुरुष, सगळे मोठ्यानं बोलणारे. मला हे आधीच माहीत होतं, म्हणून मी घरूनच चिठ्ठी लिहून आणली होती. "नोझलच्या खालचे तांब्याचे वायसर, नग १." अक्षर चांगलं काढलं होतं. मी पदर डोक्यावरून घेतला, गर्दीतून पुढं झाले आणि चिठ्ठी काउंटरवर ठेवली.

दुकानदार फोनवर बोलत होता. त्यानं चिठ्ठीकडं बघितलं नाही. गल्ल्यातून पाच रुपयांचं नाणं काढलं, माझ्या चिठ्ठीवर ठेवलं आणि चिठ्ठी माझ्याकडं सरकवली.

एसटीत, दुकानात मुकी माणसं छापील चिठ्ठ्या वाटत मदत मागतात, त्यातली मी एक, असं त्याला वाटलं. आणि मी काय केलं? मी नाणं उचललं, हात जोडले आणि बाहेर पडले.

गल्लीच्या तोंडापर्यंत आल्यावर मी हिशेब केला. हातात पाच रुपये, पिशवीत नोझल, आणि वायसर तिकडंच. परतीची गाडी समोर उभी होती. एक मन म्हणालं, बस गाडीत, म्हण की वायसर मिळालं नाही. मग जिन्याखालची खोली डोळ्यांसमोर आली. मी मागं फिरले. दुकानात जाऊन नाणं काउंटरवर आपटलं आणि म्हणाले, "वायसर!"

सगळ्या गर्दीनं वळून बघितलं. दुकानदारानं फोन खाली ठेवला.

"आँ? तुमाला बोलता येतंय व्हय?"

मी मान हलवली.

त्यानं आता चिठ्ठी वाचली आणि कपाळावर हात मारला. "माफ करा ताई. माझं ध्यान न्हवतं." मागचा एक माणूस म्हणाला, "शेठ, पाच रुपयं दानधर्म झाला, त्याचंबी बिल फाडा." सगळे हसले. दुकानदारानं नोझल हातात घेतलं, तारेत ओवलेल्या वायसरांच्या माळेतून माप बघून एक काढलं.

"जुनं आणलंय का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"पण काढलंय ना? आतून?"

हा प्रश्न महत्त्वाचा होता. सगळ्या दिवसात कुणी मला एवढा महत्त्वाचा प्रश्न विचारला नव्हता. आणि मला गर्दीतून बाहेर पडायचं होतं. मी हो म्हणून मान हलवली.

"मंग झालं. बसवायच्या आधी इस्तवात लाल करा आन् पाण्यात टाका. मऊ पडतंय, गच्च बसतंय."

मी याही गोष्टीला मान हलवली, पण मनात म्हणाले, या माणसाचं डोकं ठिकाणावर नाही. लोहार विळा लाल करून पाण्यात टाकतो तो कडक व्हावा म्हणून, हे लहान लेकरालाही माहीत आहे. घरी आल्यावर चुलीत वायसर लाल केलं आणि पाण्यात टाकलं, ते दुकानदार चुकला हे बघायलाच. चुर्र आवाज झाला. बाहेर काढून नखानं दाबलं तर काठ वाकला. लोखंड जसं वागतं त्याच्या उलट तांबं वागतं. मी परत लाल करून परत टाकलं, नुसतं बघायला.

शनिवारी सकाळी नवं वायसर नोझलला घालून नोझल खोवलं, नट आवळले. नळी जोडली. नळीत हवा राहिली की इंजिन लागत नाही, म्हणून नळीचा नट ढिला ठेवून हँडल फिरवायचं आणि बुडबुडे संपून नुसतं डिझेल यायला लागलं की आवळायचं. बुडबुडे बघायला काकूंना बोलावलं.

"काय बघायचं म्हन्लीस?"

"बुडबुडे."

"साबण लावलास का पुना?"

साबण नव्हता. बुडबुडे संपले, नट आवळला, काकूंनी कळ पाडली, इंजिन लागलं. लागलं आणि आधीपेक्षा दुप्पट गळायला लागलं. पांढरा धूर, खाडखाड ठोके, आणि नोझलच्या बुडातून पिचकारी. काकू पदर सावरून दारापर्यंत पळाल्या. तिथून म्हणाल्या, "बये, आधी बरं होतं की गं."

मी मालकांना फोन लावला. यावेळी सगळं सांगितलं, साबणासकट. मालक ऐकत होते. साबणाचं आलं तेव्हा खोकल्यासारखा आवाज आला.

"नवं वायसर घातलं?"

"हाव."

"जुनं कुठाय?"

"न्हवतंच. झिजून गेलं होतं."

"न्हवतं म्हंजे? तांबं हाय ते. कुत्र्यानं खाल्लं का?" मग हळू म्हणाले, "अगं, जुनं आत भोकात चिकटलेलं असतंय. काजळीनं काळं पडतंय, दिसत न्हाई. तू त्याच्याच डोक्यावर दुसरं ठिवलंस. आता दोन झाले, नोझल वर उचललं गेलं, तोंड लागंना."

काल लातूरच्या माणसानं नेमकं हेच विचारलं होतं, आणि मी मान हलवली होती. हे मात्र मालकांना सांगितलं नाही. कुठंतरी थांबायला पाहिजे.

नोझल परत काढलं. भोकात बॅटरी मारली. खाली सगळं काळं, सपाट. सायकलच्या चाकाची तार घेऊन तिचं टोक वाकवलं आणि बुडाशी खरडलं. खरडता खरडता एके ठिकाणी लालसर चमकलं. तारेचा आकडा काठाखाली घालून ओढला, सुटला. परत घातला, परत सुटला. काकू बॅटरी धरून उभ्या होत्या आणि दर वेळी "आलं, आलं" म्हणायच्या, बाळंतपणाला बसल्यासारख्या. दुपार झाली. शेवटी आकड्याला लागून ते वर आलं, काळं, चपटं, एका बाजूला जळून खाच पडलेलं. त्या खाचेतून तो वारा येत होता.

"एवढ्यासाठी?" काकू म्हणाल्या. त्यांना निदान टोपणाएवढं काही तरी निघेल असं वाटलं होतं.

भोकाचा तळ चिंधीनं पुसून पुसून लख्ख केला. नवं वायसर दाबलं गेलं होतं, ते पुन्हा चुलीत लाल करून पाण्यात टाकलं. एकटं बसवलं. नट एकदम एक न आवळता, थोडा हा, थोडा तो, असे आवळले. हवा काढली. काकूंनी कळ पाडली.

दुसऱ्या फेऱ्याला लागलं. मी नोझलच्या बुडाशी कोरडा हात धरून उभी राहिले. हात कोरडाच राहिला. मला रडू आलं, पण काकू समोर होत्या म्हणून मी डोळ्यात पीठ गेल्यासारखं केलं. पीठ त्या दिवशी कुठंच नव्हतं.

रविवारी सकाळी लाइट नव्हती. सात डबे रांगेत, काकूंचा डबा पहिला. इंजिन चालू, दगड चालू, आणि दारात टेंपो येऊन थांबला. दीर उतरला. त्याच्यामागून उदगीरचा माणूस उतरला, आणि टेंपोत दोर आणि फळ्या दिसल्या. म्हणजे ते बघायला नव्हे, न्यायलाच आले होते.

"वैनी! बंद करा! माणूस आलंय!" दीर ओरडला.

मी धान्य सोडत राहिले. मला वाटलं होतं, तो माणूस इंजिन चालू बघेल, दीर मालकांना फोन करेल, मालक म्हणतील राहू द्या, आणि मला तोंड उघडायची वेळ येणार नाही. उदगीरचा माणूस इंजिनापाशी बसला. नोझलच्या बुडाशी बोट फिरवलं, बोट डोळ्यांपाशी नेलं, हुंगलं. कोरडं. त्यानं काही तरी विचारलं, काकूंनी माझ्याकडं बोट दाखवलं. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी खालच्या पिठाकडं बघितलं. मग तो उठला आणि खूश होऊन दिराच्या कानात ओरडला, "गळकं कुठाय? एक लंबर चालतंय! बोलल्यापरीस जास्ती दितो. बांधायचं का?"

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. म्हैस बाजाराला न्यायच्या दिवशी तिला घासून धुऊन, शिंगांना तेल लावून उभी करतात. तीन दिवस मी तेच केलं होतं. गळकं इंजिन कदाचित त्यानं इथंच सोडलं असतं.

टेंपोतून दोर खाली आला.

"विकायचं न्हाई," मी म्हणाले.

कुणी बघितलंसुद्धा नाही. इंजिनाच्या आवाजात माझ्याच कानाला ऐकू आलं नाही. मी परत म्हणाले, जरा मोठ्यानं. उदगीरच्या माणसानं मला काही तरी म्हटल्याचं ओळखलं आणि हसून मान डोलावली. आता कळलं, मी मान हलवते तेव्हा समोरच्याला कसं वाटत असेल.

दिरानं मालकांना फोन लावला होता. त्यानं बोलून माझ्या हातात दिला. मी एक कान दाबून धरला.

"चालू हाय?" मालक विचारत होते. "मला ऐकू यायलंय."

"हाव."

"मधीच अडकतंय का?"

"न्हाई."

"धूर?"

"पांढरा न्हाई."

मालक इंजिनाचा ठोका ऐकत राहिले. मग म्हणाले, "ठोका चांगला बसलाय. माझ्यापरीस चांगला." आणि मग, "त्या माणसाला सांग."

"काय सांगू?"

"तुला काय सांगायचंय ते."

"म्या दोनदा सांगितलं. त्यान्ला ऐकू जाईना."

"मंग इंजिन बंद कर की, येडे."

मी बंद केलं. इंजिन दोन-तीन ठोके घेऊन थांबलं, पट्टा थांबला. पण माझा गळा इंजिनाच्या आवाजाच्या वर चढलेला होता, तो काही खाली आला नाही. दोन हात अंतरावर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर मी ओरडले, "इंजिन विकायचं न्हाई!"

समोरच्या छपरावरची कबुतरं उडाली. रांगेतली एक बाई दचकून डब्यावर बसली. उदगीरचा माणूस एक पाऊल मागं सरकला.

"बाई," तो म्हणाला, "म्या बहिरा न्हाई."

"वैनी, अवो जरा..." दीर म्हणाला. त्यानं मला ओरडताना कधी बघितलं नव्हतं. फोनमधून मालकांचा आवाज येत होता, "सांगितलं का? सांगितलं का तिनं?" दिरानं माझ्या हातातला फोन घेऊन कानाला लावला आणि म्हणाला, "दादा, तिथवर आलं असंल की ऐकू." मग बराच वेळ ऐकून घेतलं, आणि टेंपोवाल्याला दोर वर टाकायची खूण केली.

मी कुठं बघावं ते मला कळेना. म्हणून दगडाकडं बघितलं, तर तो थांबलेला. दगडात धान्य असताना इंजिन बंद करायचं नाही, हा गिरणीचा पहिला नियम. वरचं तोंड गव्हानं भरलेलं होतं. दगड गच्च अडकला होता. आता पट्टा काढायचा, वरचा दगड उचलायचा, अर्धवट भरडलेला गहू खरडून काढायचा, तासाभराचं काम. आणि गहू काकूंचा.

काकू डब्यात वाकून बघत होत्या. डबा अर्धा होता.

"लाज गेली ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "पण माझा गहू मधीच ठिवून का गं गेली?"

उदगीरचा माणूस हसायला लागला. मग बाह्या सरसावून म्हणाला, "सरका ताई, दगड जड हाय, एका बाजूनं म्या धरतो." आम्ही दोघांनी दगड उचलला. दीर पाण्याची बादली घेऊन आला, ती कशाला हे त्यालाही माहीत नव्हतं. मी खाली बसून काकूंचा गहू खरडायला लागले.